सुधारून वाढविलेली आवृत्ती

मराठी पुस्तकाच्या आतल्या पानावर 'सुधारून वाढविलेली आवृत्ती' ही अक्षरे दिसली की जाणता वाचक जरा सावध होतो. सुधारले काय आणि वाढविले काय, याची तो मनाशी चौकशी करतो. पुष्कळदा वाढलेली असते ती किंमत आणि लेखकाची प्रस्तावना. तथापि पुस्तकाच्या बाबतीत एक मोठी सोय आहे. जुनी आवृत्ती आपल्या कपाटात जशीच्या तशी राहते. बाजारात नवी आली म्हणून कपाटातल्या जुनीची पाने रातोरात उलटीसुलटी होत नाहीत.

ज्या कृतीविषयी मी येथे लिहिणार आहे तिच्या वाचकांना ही सोय नाही. ती कृती म्हणजे पॉवरपॉइंट. दिवाळी अंकात कादंबरीची, नाटकाची, फार तर चित्रपटाची समीक्षा यावी. संगणकातल्या एका हत्याराची कशाला, असे कोणी म्हणेल. माझे उत्तर साधे आहे. घरातली सातवीतली मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी, तिचे वडील कचेरीतल्या बैठकीसाठी आणि तिची आई कुठल्याशा प्रशिक्षणासाठी जे गद्य आज लिहितात, त्यातले पुष्कळसे या एकाच साच्यातून बाहेर पडते. एखाद्या कादंबरीकाराने एवढ्या लोकांच्या लिहिण्याला वळण लावले असते, तर आपण त्याच्यावर परिसंवाद भरविले असते. याला मात्र शाळेत कोणी पूर्ण नावाने हाकही मारीत नाही. 'सर, पीपीटी आणली का?' एवढेच.

पहिली आवृत्ती निघाली १९८७ च्या एप्रिलमध्ये. अमेरिकेतल्या फोरथॉट नावाच्या लहानशा कंपनीत रॉबर्ट गॅस्किन्स यांची ती कल्पना. घडविण्याचे काम डेनिस ऑस्टिन आणि टॉम रडकिन यांचे. आरंभी नाव ठरले होते 'प्रेझेंटर'; ते आधीच दुसऱ्या कोणाचे निघाले म्हणून बदलावे लागले. ही आवृत्ती फक्त मॅकिन्टॉश यंत्रावर चाले आणि तिच्यातून काळीपांढरी पाने निघत. ती पारदर्शक कागदावर उमटवून दिव्याच्या पेटीवर ठेवावयाची. ओव्हरहेड प्रोजेक्टरची ती पेटी आमच्या पिढीतल्या शिक्षकांनी प्रशिक्षणवर्गात पाहिलेली आहे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरना ती कंपनी विकत घेतली आणि १९९० मध्ये विंडोजवरची आवृत्ती आणली. बोलणाऱ्या माणसाच्या हातातले कागद नीटनेटके करून द्यावेत, एवढाच या हत्याराचा मूळ हेतू होता. पुढे कागद गेले, दिव्याची पेटी गेली, आणि पुष्कळ ठिकाणी बोलणारा माणूसही पडद्याच्या बाजूला अंधारात जाऊन उभा राहिला.

शाळाशाळांतून जी पहिल्यांदा भेटली ती बहुधा २००३ ची आवृत्ती. वर फाइल, एडिट, व्ह्यू अशी नावांची ओळ. नावावर टिचकी मारली की खाली आज्ञांची यादी लोंबू लागे. २००७ च्या आवृत्तीने ती ओळच पुसून टाकली. तिच्या जागी चित्रांची एक रुंद पट्टी आली, तिला रिबन म्हणतात. 'फाइल' हे नाव जाऊन डाव्या कोपऱ्यात एक गोल बिल्ला बसला. तीन वर्षांनी, २०१० मध्ये, बिल्ला गेला आणि 'फाइल' माहेरी परत आले. पानाचे आकारमान ठरविण्याची आज्ञा 'फाइल'खाली होती, ती 'डिझाइन'मध्ये गेली आणि २०१३ मध्ये तेथेच राहून नाव बदलून बसली. अक्षरांना नाचविण्याची आज्ञा 'स्लाइड शो'खाली होती. तिला 'ॲनिमेशन्स' नावाचे स्वतंत्र बिऱ्हाड मिळाले. मग २०१० मध्ये पानबदलाचे नाच तिच्यापासून वेगळे काढून त्यांना 'ट्रान्झिशन्स' हे शेजारचे बिऱ्हाड देण्यात आले. एकत्र कुटुंबे फुटावीत तसा हा सारा इतिहास आहे. २०१३ पासून नवे पान मुळातच चारास तीन या प्रमाणाऐवजी सोळास नऊ या प्रमाणात निघू लागले. त्यामुळे जुन्या प्रोजेक्टरवर नव्या पानाच्या वरखाली काळ्या पट्ट्या दिसतात आणि नव्या रुंद पडद्यावर जुन्या पानाच्या डावीउजवीकडे.

हा बदल केवळ लहरीचा होता असे मी म्हणणार नाही. आज्ञा वाढत वाढत इतक्या झाल्या होत्या की लोक ज्या सोयी नव्याने मागत त्यातल्या कितीतरी आत आधीच होत्या, फक्त कोणाला सापडत नव्हत्या, असे निर्मात्यांनीच त्या वेळी सांगितले. गच्च भरलेला माळा एकदा उतरवावाच लागतो. २००७ ची मांडणी आधीच्यापेक्षा अधिक विचारपूर्वक केलेली आहे, हे दोन्ही वापरणाऱ्या कोणासही मान्य करावे लागेल. पण माळा आवरताना आजीचा चष्मा कोठे होता हे कोणी विचारले नाही, हेही तितकेच खरे.

आमच्या शाळेत भूगोल शिकविणाऱ्या एक बाई आहेत. त्यांनी एका संगणकवर्गात जाऊन हे हत्यार शिकून घेतले, आणि शिकताना शंभर पानी वही भरून टाकली. ती वही मी पाहिली आहे. 'वरच्या ओळीत डावीकडून सातवे नाव. त्यावर दाबावे. खाली उतरावे.' सगळी वही अशी. एखाद्याने गावाला जाण्याचा रस्ता लिहून द्यावा आणि त्यात एकाही गावाचे नाव नसावे, नुसती वळणे असावीत, तसा तो मजकूर होता. बाई त्या वहीवर तीन वर्षे सुरेख पाठ घेत होत्या. शाळेतले यंत्र बदलले, त्याबरोबर आवृत्ती बदलली आणि वरच्या ओळीत डावीकडून सातवे असे काही राहिलेच नाही. बाईंनी भिंतीवरचे नकाशे पुन्हा उलगडले. 'माझी वही खोटी ठरली, सर,' एवढेच त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वरात जी शरम होती ती मला अन्यायाची वाटली. ज्यांनी त्यांना वस्तूऐवजी वस्तूची जागा शिकविली, शरम त्यांना वाटावयास हवी होती.

हातांची स्मृती ही काही हलकी स्मृती नव्हे. भाकरी थापणारीला पिठाचे प्रमाण सांगता येत नाही आणि तबलजीला बोट कोठे पडले ते पाहावे लागत नाही. पण त्या हातांना एक हमी असते: परात रात्रीतून चौकोनी होणार नाही. संगणकावरच्या हातांना ती हमी नाही. म्हणून येथे शिकण्याची रीतच निराळी हवी, आणि ती मला एका जुन्या मराठी उद्योगात सापडली.

एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली हे आपण शाळेत शिकतो. पोथ्यांतून पाठभेद शिरले होते. एकच पोथी जवळ असलेल्याला त्यातला प्रत्येक शब्द मूळचाच वाटतो. दोन पोथ्या शेजारी उघडल्या की काय मूळचे आणि काय नकलणाऱ्याच्या हातचे, याचा विचार करणे भाग पडते. शाळेत एक आवृत्ती आणि घरी दुसरी, ही अनेक शिक्षकांची तक्रार असते. माझ्या घरचे यंत्र भाच्याने लिनक्स बसवून दिलेले आहे. त्यावर पॉवरपॉइंट नाही. लिब्रेऑफिसमधले इम्प्रेस आहे, ते फुकट मिळते आणि पुष्कळ अंशी जुन्या २००३ सारखेच दिसते. रात्री घरी एक पोथी आणि सकाळी शाळेत दुसरी असा माझा पाठ गेली कित्येक वर्षे चालू आहे, आणि या उपद्व्यापाइतके मला कोणत्याही वर्गाने शिकविले नसते.

कारण दोन्ही शेजारी ठेवल्या की हलणारे आणि न हलणारे आपोआप वेगळे होते. एफ-५ ही कळ दाबली की पहिल्या पानापासून दाखविणे सुरू होते, शिफ्टसह दाबली तर चालू पानापासून; हे २००३ मध्येही तसे, आजही तसे, इम्प्रेसमध्येही तसे. दाखविणे चालू असताना 'बी' दाबले की पडदा काळा होतो आणि पुन्हा दाबले की उजळतो. २००३ मध्ये ऑल्टची कळ दाबून जी अक्षरे क्रमाने टिपली जात, त्यातली बहुतेक २००७ च्या आवृत्तीनेही निमूटपणे ओळखली; रिबनच्या मागे जुनी ओळ अदृश्य रूपाने जिवंत ठेवली होती. हातांच्या स्मृतीवर निर्मात्यांनी केलेली ही एवढीच दया, आणि तिचा गवगवा त्यांनी केला नाही हे आश्चर्य.

न हलणाऱ्यातली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे स्लाइड मास्टर. याला मी मुलांना 'आईचे पान' म्हणून सांगतो. सर्व पानांची अक्षरे किती मोठी, शीर्षक कोठे, रंग कोणता, हे या एका पानावर ठरते; तेथे एकदा बदलले की मागची साठ पाने आपोआप बदलतात. ते २००३ मध्ये 'व्ह्यू'खाली होते, नंतरच्या सर्व आवृत्त्यांतही 'व्ह्यू'मध्येच आहे, आणि इम्प्रेसमध्येही तेथेच. एवढ्या स्थलांतरांत या एकाच कुटुंबाने घर बदलले नाही. आणि नेमके हेच कोणी शिकवीत नाही! साठ पानांवरचे शीर्षक साठ वेळा हाताने मोठे करणारे हुशार लोक मी पाहिले आहेत.

दुसरा धडा फॉन्टचा, आणि तो मराठी माणसाला अधिक लागू. अक्षरांचे वळण बहुधा फाइलीत नसते, यंत्रात असते. घरी नीट बसलेली ओळ शाळेत जाऊन दोन शब्दांनी लांबते, शेवटचा शब्द चौकटीबाहेर पडतो, कारण दोन यंत्रांतली वळणे निराळी. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टांची तर गोष्टच वेगळी होती. त्यांत पोटात रोमन अक्षरे आणि वर मराठीचा मुखवटा. मुखवटा नसलेल्या यंत्रावर फाइल उघडली की 'सह्याद्रीच्या रांगा' या शीर्षकाच्या जागी कोणी शिव्या द्याव्यात तशी रोमन अक्षरे उमटत. युनिकोडने तो घोर मिटविला. फॉन्ट फाइलीबरोबर बांधून देण्याची सोयही आहे, पण ती सेव्ह करण्याच्या पर्यायांत आत कोठेतरी दडलेली असते.

येथवर झाली ती छपाईची आणि बांधणीची चर्चा. आता मजकुराकडे वळतो, कारण दोन पोथ्या ताडून पाहिल्यावर जो पाठ सर्वत्र सारखा निघाला, तो माझ्या मते सदोष आहे.

कोणतीही आवृत्ती उघडा. पहिले पान नावाचे. दुसरे पान घेतले की वर शीर्षकाची चौकट, खाली एक मोठी चौकट, आणि तीत पहिले अक्षर टाइप करण्याआधीच एक काळा ठिपका आपली वाट पाहत बसलेला. रिबन आली आणि बिल्ला गेला, पण हा ठिपका हलला नाही. घरच्या इम्प्रेसमध्येही तोच. हाच या ग्रंथाचा खरा लेखक! शिकणाऱ्याला तो न बोलता सांगतो की तुझे म्हणणे तुकड्यांत मोड, क्रियापद लिहू नकोस, ओळ संपली की एन्टर मार, मी दुसरा ठिपका देतो. आणि आज्ञाधारक विद्यार्थी तसेच करतो. 'दुष्काळ. कारणे. उपाय.' याला वाक्य म्हणत नाहीत.

कादंबरी लिहिणाऱ्याला एक खोड असते: तो नामांपेक्षा जोडशब्दांकडे अधिक पाहतो. 'म्हणून', 'तरी', 'कारण', 'पण' हे शब्द काढले तर कथानक उरत नाही, घटनांची यादी उरते. ठिपका पहिल्याने खातो तो हेच शब्द. आठवीच्या मुलांनी महात्मा फुल्यांवर पीपीटी केली होती. 'शेतकऱ्याचा असूड' या १८८३ मधल्या पुस्तकाच्या आरंभी जी सुप्रसिद्ध कारणमालिका आहे, विद्येच्या अभावापासून निघून शूद्रांच्या दैन्यापर्यंत एकातून दुसरे कसे निघत गेले हे सांगणारी, तिचे मुलांनी एक पान केले. शीर्षक: 'अविद्येचे परिणाम'. खाली पाच ठिपके. पान देखणे होते. ठिपके वरखाली केले असते तरी त्या पानाचे काही बिघडले नसते. आणि फुल्यांच्या मालिकेत एक कडी वरखाली केली तर सगळा युक्तिवाद कोसळतो. ज्या मजकुराचे सारे बळ क्रमात आणि कार्यकारणात आहे, त्यातून नेमके तेच बळ या साच्याने काढून घेतले होते, आणि मुलांना काही हरवले आहे याचा पत्ताही नव्हता. पीटर नॉर्विग या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञाने अब्राहम लिंकनच्या गेटिसबर्गच्या भाषणाची अशीच पाने थट्टेने करून दाखविली आहेत. त्यासाठी त्याने वापरला तो जुन्या आवृत्त्यांत असलेला 'ऑटोकंटेंट विझर्ड', म्हणजे मजकुराचा सांगाडा आयता पुरविणारा मदतनीस. २००७ मध्ये तो काढून टाकला गेला. 'सुधारून' हा शब्द मी येथे विनाशंका मान्य करतो.

कोणी म्हणेल, हत्याराचा काय दोष? चाकूने भाजीही चिरता येते. पण चाकू हातात घेताना तो आपल्याला कोबीच चिरावयाचा असे सुचवीत नाही. रिकाम्या पानावर आधीपासून बसलेला ठिपका सुचवितो. आणि हा केवळ शैलीचा प्रश्न असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. १ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया हे अंतराळयान परतीच्या वाटेवर नष्ट झाले आणि कर्नालच्या कल्पना चावला यांच्यासह सात जण गेले. उड्डाणाच्या वेळी फेसासारख्या वेष्टनाचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान अजून वर असताना त्याच्या धोक्याविषयी अभियंत्यांनी जी पाने सादर केली, ती पॉवरपॉइंटची होती. चाचण्या झाल्या होत्या ३ घनइंचांच्या तुकड्यांवर, आणि आदळलेला तुकडा अंदाजे १,९२० घनइंचांचा. ही गोष्ट एका पानाच्या अगदी तळाशी, ठिपक्याखालच्या ठिपक्यात, बारीक अक्षरांत होती. शीर्षक मात्र वाचणाऱ्याला दिलासा देणारे. यान या पानामुळे पडले असे कोणी म्हणत नाही. पण असे पान वाचणाऱ्या वरिष्ठाला हा जीवनमरणाचा प्रश्न आहे हे न कळणे अगदी सहज शक्य आहे, असे चौकशी मंडळाने त्याच वर्षी आपल्या अहवालात नमूद केले. एडवर्ड टफ्टी या अभ्यासकाने त्या पानाची ओळीओळीने जी चिकित्सा केली आहे, ती मी एखाद्या कवितेच्या रसग्रहणासारखी वाचली. गद्याची चिकित्सा माणसाच्या जिवाशी इतकी जाऊन भिडते, हे आम्हां भाषाशिक्षकांच्या ध्यानी क्वचितच येते.

चित्रे एकामागून एक दाखवीत बोलणे ही कला काही आपल्याला परकी नव्हे. सिंधुदुर्गात कुडाळजवळच्या पिंगुळीला ठाकर समाजाचे चित्रकथी आहेत. त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची कागदावर रंगविलेली चित्रे, त्यांच्या गठ्ठ्याला ते 'पोथी' म्हणतात. एक चित्र समोर धरावयाचे, त्याची कथा गाऊन सांगावयाची, मग पुढचे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवरची रंगीत चित्रे दिव्याच्या उजेडात पडद्यावर आणली, तीही निवेदनाच्या साथीने. या दोन्हींत कथा राहते ती सांगणाऱ्याच्या कंठात. चित्रावर ती लिहून टाकलेली नसते. म्हणून चित्रकथ्याला श्रोत्यांकडे पाठ फिरवून स्वतःचेच चित्र वाचून दाखविण्याची पाळी येत नाही. आमच्या बैठकांतून दुसरे काय चालते?

भूगोलाच्या बाईंना मी गेल्या वर्षी ही पोथीची गोष्ट सांगितली. त्यांनी नकाशांची बारा छायाचित्रे बारा पानांवर लावली, एक अक्षर न लिहिता. एफ-५ आणि बी, या दोनच कळा त्यांनी शिकून घेतल्या. नदीचे खोरे दाखवितात, पडदा काळा करतात, मुलांना डोळे मिटून नदी कोठून निघाली ते सांगावयास लावतात, पुन्हा उजळतात. नव्या वहीची गरज त्यांना अद्याप पडलेली नाही.

फुल्यांचे ते पाच ठिपक्यांचे पानही मी वर्गाला परत दिले. ठिपका पुसून टाका आणि दर पानाला एकच चित्र, एवढी अट घातली. एका मुलीने घरच्या यंत्रावर, इम्प्रेसमध्ये, सहा पाने करून आणली: कुलूप लावलेली शाळा, मग अंगठ्याचा ठसा, मग सावकाराची वही, असे पुढे पुढे. शाळेच्या यंत्रावर आवृत्ती निराळी होती. फाइल उघडताना ती दोन बोटे घट्ट धरून उभी होती. एकही ओळ घसरली नाही, कारण घसरावयाला ओळीच नव्हत्या. पान उलटताना दर वेळी 'म्हणून' हा शब्द तिने स्वतः मोठ्याने म्हटला, आणि चौथ्या पानापासून तिच्याआधीच मागचे बाक तो म्हणू लागले.